फिरतीवरच्या मुलांसाठी घरी शिकवणारा शिक्षक नेमताना: कोकण किनाऱ्यावर मुक्कामाला येणाऱ्या पालकांसाठी

आईवडिलांचं काम लॅपटॉपवर किंवा जहाजावर, राहणं वर्षातून तीन ठिकाणी, आणि मुलं चौथी ते सातवीच्या वयाची. अशी कुटुंबं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत दोन-दोन, तीन-तीन महिन्यांच्या मुक्कामाला येतात. शाळा बदलत राहण्यापेक्षा घरीच शिक्षक बोलवावा, हा विचार योग्य आहे. फक्त बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी समुद्रासमोरचं घर ठरतं, आगाऊ भाडं जातं, मग शिक्षकाचा शोध सुरू होतो. आणि मग कळतं, की त्या वाडीत यायचं तर शिक्षकाला खाडी ओलांडावी लागते आणि संध्याकाळी परतायला गाडीच नाही. हा क्रम उलटा लावा. मूल पुढे कुठली परीक्षा देणार ते आधी, मग शिक्षक, आणि शिक्षकाच्या गावाभोवती मुक्काम.

आधी कागद

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्याच्या कलम १० मध्ये पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद नाही, आणि त्याबद्दल पालकाला दंडही सांगितलेला नाही. म्हणजे सगळी जबाबदारी तुमच्या कागदांवर येते. शाळेतून नाव काढताना शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत घ्या आणि तिथेच काउंटरवर उभं राहून वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव, आईचं नाव, जातीची नोंद. दाखल्यावरची चूक मूल शाळेत असताना अर्जावर दुरुस्त होते. नाव निघाल्यावर तीच दुरुस्ती फार किचकट होऊन बसते, आणि हाच दाखला पुढे जातीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत विचारला जातो. सोबत सगळी प्रगतिपुस्तकं आणि शाळेच्या नोंदीतला मुलाचा विद्यार्थी क्रमांक घ्या.

मग परीक्षेचा रस्ता ठरवा. तीन सोयीचे रस्ते आहेत.

एक, मूल लहान आहे आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा शाळेत जाणार आहे. मग त्या शाळेचा अभ्यासक्रम धरा. राज्य मंडळाचा असेल तर बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट मिळतात. परतताना वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे.

दोन, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे आहेत. दहावीसाठी किमान वय १४. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो, त्यामुळे फिरत्या कुटुंबाला विषय एकेक करून सोडवता येतात. दहावीच्या गुणांत स्वाध्यायांचा वाटा २० टक्के असतो आणि तो मुदतीत भरावा लागतो. या मुदती शिक्षकाला पहिल्याच दिवशी लिहून द्या.

तीन, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगीरीत्या दहावी-बारावी. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी हा अर्ज कितीतरी महिने आधी भरावा लागतो. मुदत चुकली की वर्ष गेलं.

यातलं काहीही निवडा, पण शिक्षकाला पहिला फोन करण्याआधी निवडा. "कुठल्या बोर्डाचं?" या प्रश्नाला "अजून ठरलं नाही" असं उत्तर आलं, की चांगला शिक्षक तिथेच मागे सरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

वर्षाचे तुकडे पाडा

एका शिक्षकाकडे किमान १२ आठवडे. यापेक्षा लहान मुक्कामासाठी शिक्षक नेमूच नये, असं आमचं ठाम मत आहे. पहिले दोन आठवडे मूल आणि शिक्षक एकमेकांना चाचपडतात, शेवटचा आठवडा आवराआवरीत जातो. सहा आठवड्यांच्या मुक्कामात खरं शिकणं तीनच आठवड्यांचं होतं. मग पुढच्या गावी नवा शिक्षक पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतो, आणि मुलीचे अपूर्णांक तीन वेळा सुरू होऊन एकदाही संपत नाहीत. मुलं अभ्यासात मागे पडतात ती बहुतेक इथेच.

कोकणात वर्ष तीन तुकड्यांत चांगलं बसतं. जून ते सप्टेंबर एकच मुक्काम, आणि तो किनाऱ्यालगतच्या वाडीत नको. दापोली, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी अशा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात राहा. तिथे दवाखाना, झेरॉक्स, एसटी स्टँड आणि शिक्षक हे चारही जवळ असतात. चिपळूणही सोयीचं, पण २२ जुलै २०२१ चा पूर लक्षात ठेवून घर वाशिष्ठीच्या काठापासून लांब आणि उंचावर बघा. दुसरा तुकडा दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मालवण, गुहागर, मुरुड, श्रीवर्धन इथे राहायला हेच दिवस उत्तम. तिसरा, लहान तुकडा शिमग्यानंतर एप्रिल अखेरपर्यंत, आणि तो शक्यतो दुसऱ्या तुकड्याच्याच शिक्षकाकडे. मे महिना मोकळा सोडा. घरोघरी चाकरमानी आलेले असतात, आंब्याची घाई असते, भाडी चढलेली असतात. त्या महिन्यात शिक्षकाला बांधून ठेवलं तरी मन लागत नाही.

सुट्ट्या आधीच मोजा. गणपतीत कोकणी माणूस घरीच असणार, पाच दिवसांचे असोत की अकरा. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते आणि आपल्या दारात पालखी येणार त्या दिवशी कोणी कामावर जात नाही. जूनच्या अखेरीस लावणी, ऑक्टोबरात कापणी. मालवण तालुक्यातला शिक्षक असेल तर आंगणेवाडीच्या जत्रेची सुट्टी धरा, पण ती तारीख कॅलेंडरात शोधू नका. ती तिथीवर नसते, दरवर्षी देवीच्या कौलानं ठरते. १२ आठवड्यांचे ६० दिवस कागदावर दिसतात, हाती ५० ते ५२ येतात. अभ्यासाची आखणी ५० दिवसांचीच करा.

खाडी आणि रेंज

अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात. फेरीबोटीनं काही मिनिटांचं पाणी, पण बोट चुकली तर चिपळूणकडून मोठा वळसा. वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी इथेही हेच. शिक्षक पलीकडचा असेल तर पहिली आणि शेवटची फेरी कितीची, पावसात वादळी वारा सुटला की काय होतं, हे जेटीवर जाऊन विचारा. एसटीवर अवलंबून असलेल्या शिक्षकाची वस्तीची गाडी कुठली आणि सकाळी कितीला सुटते ते विचारा. आमचा निकष साधा आहे: शिक्षकाला त्याच्या घरापासून तुमच्या दारापर्यंत ४५ मिनिटांत येता आलं पाहिजे आणि अंधार पडायच्या आत परत जाता आलं पाहिजे.

रेंजचंही तसंच. नारळी-पोफळीच्या आगरात, डोंगराच्या पोटात घर असेल तर फोन मुका. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गेलं की तीन काड्या. घर बघायला जाल तेव्हा शिकवणीच्या नेमक्या वेळी, म्हणजे सकाळी १० आणि संध्याकाळी ६ ला, अर्धा तास व्हिडिओ कॉल लावून ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ असू द्या.

यावरून पद्धत ठरते. शिक्षकाला सोबत घेऊन फिरणं ऐकायला छान वाटतं, पण त्याला वेगळी खोली, त्याचं जेवणखाण, त्याच्या घरच्या अडचणी हे सगळं तुमच्यावर येतं, आणि दोन महिन्यांत दोन्ही बाजू थकतात. फक्त ऑनलाइन शिक्षक किनाऱ्यावर बेभरवशाचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा आसपासच्या गावांत वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. साध्या पावसाळी रात्रीही तारेवर फांदी पडते. सगळ्यात टिकणारी रचना मिश्र आहे. रोजची शिकवणी स्थानिक शिक्षकाची, समोर बसून. आणि वर्षभर कायम राहणारा एक मुख्य शिक्षक, मग तो पुण्यात असो की रत्नागिरीत, जो आठवड्यातून एकदा तासभर ऑनलाइन वही बघतो आणि स्थानिक शिक्षकाशी बोलतो. गाव बदललं तरी धागा त्या मुख्य शिक्षकाच्या हातात राहतो.

कोणाला विचारायचं

नोकरीत असलेल्या शाळेतल्या शिक्षकाच्या मागे लागू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे. तुम्ही आग्रह केलात तर धोका त्याच्या नोकरीला.

खरा शोध तीन ठिकाणी. निवृत्त गुरुजी आणि बाई: भाषा आणि पाठांतर पक्कं, मुलांवर जरब न दाखवता ताबा, पण इंग्रजी माध्यमाच्या गणितातल्या शब्दांना कधी अडतात. डी.एड. किंवा बी.एड. झालेले, शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊन भरतीची वाट बघणारे तरुण-तरुणी: रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे बरेच भेटतात, शिकवण्याची तयारी ताजी असते. यांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच धरून चाला. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून नियुक्ती आली की ते जाणार, आणि जायलाच हवं. तिसरे म्हणजे लग्न होऊन गावात आलेल्या, शहरात शिकवलेल्या स्त्रिया. सकाळी १० ते १ एवढीच वेळ त्यांना मिळते, पण ती वेळ त्या कसोशीनं पाळतात.

यांच्यापर्यंत पोचायला अध्यापक विद्यालयाची सूचना-पाटी, गावचं वाचनालय, स्थानिक दैनिकातली छोटी जाहिरात आणि निवृत्त मुख्याध्यापक हे मार्ग चालतात. घरमालकानं सुचवलेला त्याचाच भाचा असेल तरी पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यालाही लावा. जाहिरात अशी पुरते:

"पाचवी (सेमी) व दुसरी अशा दोन मुलांना घरी येऊन शिकवण्यासाठी शिक्षक/शिक्षिका हवी. ठिकाण मालवण शहर. १५ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी. सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते १. डी.एड./बी.एड. किंवा प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव. प्रवासखर्च वेगळा. नमुना तासाचे मानधन दिले जाईल."

तारखा आणि शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यांमुळेच गंभीर माणूस फोन करतो.

फोनवर चारच प्रश्न विचारा. सध्या काय करता, कुठून याल आणि कसे, या काळात तुमची कुठली परीक्षा किंवा घरात लग्नकार्य आहे का, आणि याआधी कोणत्या वयाच्या मुलांना शिकवलंत. पगाराचं बोलणं इथे नको. पण त्यांनी विचारलं तर टाळूही नका, आकडा सांगा.

नमुना तास

निवड इथे होते, मुलाखतीत नाही. दोन तास ठेवा, प्रत्येकी ४० मिनिटांचे, एक गणिताचा, एक भाषेचा, वेगवेगळ्या दिवशी. दोन्हींचे पैसे त्याच दिवशी द्या, निवड होवो न होवो. तुम्ही त्याच खोलीत बसा, पण मुलाच्या शेजारी नको. तिथे बसलात तर मूल उत्तरासाठी तुमच्याकडे बघतं.

गणितासाठी मुलाला नक्की चुकेल असा विषय मुद्दाम द्या. पाचवीला ३/४ + १/८ उत्तम. बरीच मुलं वरचे वर, खालचे खाली मिळवून ४/१२ लिहितात. आता शिक्षकाकडे बघा. एक जण लगेच म्हणेल, "चूक. छेद समान कर." मूल छेद समान करेल, ७/८ लिहील, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ४/१२ लिहील, कारण आधीचं का चुकलं हे त्याला कळलेलंच नाही. दुसरा विचारेल, "कसं केलंस, सांग बघू." मग स्वयंपाकघरातून एक घावन मागवेल, चार भाग करेल, तीन बाजूला काढेल. "एवढं तुझ्याकडे होतं. त्यात मी आणखी तुकडा दिला. आता वाढलं की कमी झालं?" ४/१२ म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे पाऊण घावनापेक्षा कमी. मिळवूनही कमी कसं झालं, हा प्रश्न मुलाच्या चेहऱ्यावर उमटला की काम झालं. मग प्रत्येक पाव तुकड्याचे दोन करून आठ तुकडे मोजायला मूल स्वतःच हात पुढे करतं. असा माणूस मिळाला तर बाकी उणिवा चालवून घ्या.

भाषेच्या तासाला मुलाकडून जेटीवर काय बघितलं यावर सहा ओळी लिहून घ्यायला सांगा. शिक्षक लाल पेन घेऊन सगळ्या चुका रंगवतो, की दोनच निवडून त्या पक्क्या करून घेतो? दुसरा बरा. शिक्षक बोलता बोलता मालवणीत गेला तर त्याला थांबवू नका. मुलाच्या कानावर जिवंत बोली पडते आहे. लिहिताना प्रमाण मराठी हवी एवढंच ठरवून घ्या.

तास संपल्यावर आणखी एक बघा: पेन्सिल जास्त वेळ कोणाच्या हातात होती? ४० पैकी ३० मिनिटं शिक्षकच लिहीत आणि बोलत असेल, तर एरवी कितीही हुशार असला तरी दोन मुलांच्या घरच्या शिकवणीला तो उपयोगी नाही. तो वर्गाचा शिक्षक आहे.

मुलाचं मत घ्या, पण दुसऱ्या तासानंतर.

चौकशी

पदविका-पदवीची मूळ प्रमाणपत्रं बघून परत द्या. ओळखीसाठी पहिले आठ अंक झाकलेल्या आधारची प्रत पुरते. चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र उमेदवारानं स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून काढायचं असतं. शुल्क तुम्ही द्या आणि वेळ लागतो म्हणून निवड होताच अर्ज करायला लावा. आधीच्या दोन पालकांना फोन करा. "शिक्षक कसे आहेत?" असं विचारलं तर सगळे "चांगले" म्हणतात. "शेवटचा महिना कसा गेला? शिकवणी का थांबली?" असं विचारा.

घरातले नियम पहिल्या दिवशीच, सगळ्यांसमोर. शिकवणीच्या खोलीचं दार उघडं, घरात एक मोठं माणूस हजर, मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. हे नियम शिक्षकाच्याही संरक्षणाचे आहेत आणि चांगल्या शिक्षकाला त्यांचं वाईट वाटत नाही. मुलाला १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (आणीबाणीची मदत) हे दोन्ही क्रमांक पाठ असावेत.

पैसे

तासावर ठरवू नका, महिन्यावर ठरवा. तासावर ठरलं की तुम्ही चार दिवस गोव्याला गेलात तरी त्याचा भुर्दंड शिक्षकाला बसतो, आणि दुसरं काम मिळताच तो निघून जातो.

हिशोब असा मांडा. रोज तीन तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ६६ तास. दर तीन तासांमागे एक तास तयारीचा, तो २२. एकूण ८८ तास. त्या गावात चालणारा दर तीन ठिकाणी विचारा. समजा तो तासाला २५० रुपये निघाला, तर महिना २२,००० होतो. तयारीचा तास धरला नाही तर शिक्षक तयारी न करता येणार, आणि मग तोच पुस्तकातला उतारा वाचून दाखवणार. प्रवास वेगळा: एका बाजूचे १२ किलोमीटर तर रोज २४, महिन्याला ५२८. किलोमीटरला ५ रुपये धरले तर २,६४०. दुसरं मूल असेल तर दीडपट ही दोन्ही बाजूंना पटणारी तडजोड असते. इयत्ता वेगळ्या असतील तर काम जवळजवळ दुप्पटच होतं, हे मात्र मनात ठेवा.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत. तुमच्यामुळे बुडालेल्या दिवसाचे पूर्ण पैसे, शिक्षकामुळे बुडालेला दिवस शनिवारी भरून काढायचा, आणि पाऊस, बोट बंद, रस्ता खचला असा दिवस निम्मा-निम्मा. ही तीन वाक्यं आधी बोललेली असली की पुढची निम्मी भांडणं टळतात.

हे सगळं साध्या कागदावर लिहून दोन प्रती करा: तारखा, वेळ, विषय, पैसे, सुट्ट्या, पहिले दोन आठवडे चाचणीचे, नंतर दोन्ही बाजूंनी महिन्याची पूर्वसूचना. सरकारी नियुक्ती आली तर सात दिवसांत मोकळं करू, पण वही पूर्ण करून द्यायची, हे कलम आवर्जून घाला.

वही

ती वही म्हणजे या सगळ्या रचनेचा कणा. एक जाड, शिवलेली, दोनशे पानी वही, सुटे कागद नकोत. रोज तास संपताना शिक्षकानं पाच मिनिटं काढून लिहायचं. "आज अपूर्णांक घेतले" हे निरुपयोगी. असं हवं:

"१२ डिसेंबर. गणित, पान ४१. उदा. १, २, ४ बरोबर. ३ व ५ चूक: हातचा लिहिते, पण मिळवायला विसरते. उद्या हातच्याची सहा उदाहरणं, नवीन काही नाही. वाचन: 'ज्ञ' ला अडखळते."

ही नोंद वाचून कुठल्याही गावचा शिक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच सुरुवात करू शकतो. शुक्रवारी वहीची पानं फोटो काढून मुख्य शिक्षकाला पाठवा. तिसऱ्या आठवड्यात नोंदी एकाच ओळीच्या होऊ लागल्या, तर रागवण्याआधी विचारा: पाच मिनिटं मिळतात का, की एकच्या गाडीसाठी धावावं लागतं? बहुतेक वेळा कारण गाडीच असते. मग शिकवणी पाऊणला थांबवा.

पहिल्या पंधरवड्यात नवा धडा नको. फक्त तपासणी: वाचनाचा वेग, पाढे, लेखन, मागच्या इयत्तेचं गणित. दुसऱ्या शुक्रवारी पालक, शिक्षक आणि मुख्य शिक्षक अशा तिघांनी बसून ५० दिवसांत काय होईल आणि काय होणार नाही हे ठरवा.

यात पालकांकडून होणारी चूक एकच, पण ती सगळ्यांकडून होते. हवा छान पडली, पाहुणे आले, की "आज राहू दे, उद्या दोन तास जास्त घ्या." तीन वेळा असं झालं की मुलाला कळतं, शिकवणी हलवता येते. गावाला जायचं ते शनिवारी. दहा ते एक ही वेळ कोणासाठीही मोडू नका.

पावसात वह्या-पुस्तकं

जूनमध्ये कागद ओला न होताही ओल धरतो. जेल पेन फुटतं, शाई पसरते, म्हणून लहान मुलांना पेन्सिलच. प्रिंटरमध्ये दमट कागद अडकतो. उघडलेला गठ्ठा झिपच्या पिशवीत ठेवा आणि आठवड्याची पानं एकदम गावातल्या दुकानातून छापून आणा. पुस्तकं बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवलीत तर बुरशी येणार. घट्ट झाकणाची पत्र्याची ट्रंक बरी. भिंतीवरचे तक्ते गुंडाळून येतात, त्यापेक्षा दोन बाय तीन फुटांचा पांढरा फळा घ्या. चार्जिंगचा दिवा रोज रात्री भरून ठेवा.

किनारा शिकवताना

शिक्षक स्थानिक असण्याचा सगळ्यात मोठा लाभ इथे आहे, आणि तो पालकांनी मागून घ्यावा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. जेटीच्या पायऱ्या मोजत महिनाभर तक्ता लिहिला, की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. आलेख, वेळेची वजाबाकी आणि चंद्राच्या कला एकाच वहीत येतात. मालवणात असाल तर १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर आहे, रत्नागिरीत थिबा राजवाडा आणि मत्स्यालय, राजापूर-देवगडच्या सड्यांवर कातळशिल्पं, वेळासला कासवांची घरटी. महिन्यातून दोन सकाळी अशा ठेवा, पण त्याही वहीत नोंदवल्या गेल्या पाहिजेत.

पाण्याच्या बाबतीत मात्र नियम कडक. शिक्षक म्हणजे जीवरक्षक नव्हे. वाळूवर, जेटीवर, खडकांवर जायचं तर पालकांपैकी एक जण सोबत, आणि जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊलही नाही, घोट्यापर्यंतसुद्धा.

निरोपाचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. शिक्षकाकडून दोन पानं लिहून घ्या: कुठली प्रकरणं पूर्ण, कुठली अर्धी, कोणती चूक पुन्हा पुन्हा होते, मूल कशानं शिकायला बसतं. खाली नाव, पात्रता, तारखा आणि सही. पुढे शाळेत प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना दाखवायला प्रगतिपुस्तकांच्या जोडीला हीच पानं कामी येतात. पुढच्या गावचा शिक्षक ठरला असेल तर दोघांचा अर्ध्या तासाचा फोन तुमच्यासमोर लावून द्या. शेवटच्या महिन्याचे पैसे आणि अनुभवाचं पत्र निघायच्या आदल्या दिवशी हातात द्या, गाडीत सामान भरण्याच्या घाईत नको. भरतीची वाट बघणाऱ्या शिक्षकाला त्या पत्राचा उपयोग होतो, म्हणून त्यात इयत्ता, विषय आणि कालावधी नेमका लिहा.